तोफेच्या मागे आणि तोफेच्या पुढे : आधुनिकतावादी युद्धचित्रे आणि समीक्षेचे एक सोयीस्कर सूत्र

१

आधुनिकतावादाविषयीच्या मराठी विवेचनात एक विधान इतक्या वेळा येते की त्याला आता पुराव्याची गरज उरलेली नाही, असेच समजले जाते. महायुद्धाने आणि यंत्रसंस्कृतीने मानवी जीवन विस्कळीत केले, म्हणून कलेचे रूपही विस्कळीत झाले, असे ते विधान आहे. पदव्युत्तर वर्गातील टिपणांत ते असते, प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात ते असते, आणि मर्ढेकरांच्या कवितेवरील विवेचनाची 'पार्श्वभूमी' म्हणून तर ते हमखास असते. या विधानाचा मुख्य आधार म्हणून बहुधा चित्रकलेकडे बोट दाखविले जाते : घनवाद्यांनी वस्तू फोडली, भविष्यवाद्यांनी गती रंगविली, युद्धाने जग फोडले, तेव्हा या तिन्ही गोष्टी एकच होत. हा आधारच मुळात ठिसूळ आहे. ज्या चित्रांच्या नावाने हे सूत्र उभे केले जाते, ती चित्रे कालक्रमाने मांडली तरी ते कोसळते. आणि ती नीट पाहिली, तर सूत्राने झाकून टाकलेला एक अधिक महत्त्वाचा प्रश्न समोर येतो.

प्रथम कालक्रम. पिकासोचे 'आव्हिन्याँच्या तरुणी' १९०७ मधील. पिकासो आणि ब्राक यांचा विश्लेषक घनवाद १९१० ते १९१२ या काळात परिपक्व झाला. मारिनेत्तीचा भविष्यवादी जाहीरनामा 'ल फिगारो' या पॅरिसच्या दैनिकात २० फेब्रुवारी १९०९ रोजी प्रसिद्ध झाला. बोच्चोनी, कार्रा, रुस्सोलो, बाल्ला आणि सेव्हेरिनी यांचे चित्रकलेविषयीचे जाहीरनामे १९१० चे. म्हणजे वस्तूचा भंग, दृष्टिकोनांची अनेकता, गतिरेषा, परस्परांत घुसणारी प्रतले ही सारी सामग्री ऑगस्ट १९१४ पूर्वीच सिद्ध झाली होती. कार्य आधी आणि कारण नंतर, असा कार्यकारणभाव कोणत्याही तर्कशास्त्रात बसत नाही. 'कलावंताला येणाऱ्या विनाशाची चाहूल लागली होती' ही त्यावरची नेहमीची पळवाट. पण चाहूल हे स्पष्टीकरण नव्हे. ज्ञात शेवटाच्या उजेडात आरंभ वाचण्याची ती एक सवय आहे.

त्याहून अडचणीची गोष्ट पुढची. युद्ध सुरू झाल्यावर, सूत्राप्रमाणे, रूप अधिकाधिक फुटत जावयास हवे होते. प्रत्यक्षात अनेकांच्या बाबतीत उलट घडले. पिकासोने १९१४-१५ पासूनच अँग्रची आठवण करून देणारी रेखीव व्यक्तिचित्रे काढण्यास आरंभ केला. सेव्हेरिनीने १९१५ मध्ये चिलखती आगगाडी रंगविली आणि १९१६ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, 'मातृत्व' हे पुनरुज्जीवनकालीन इटालियन परंपरेला शोभेल असे शांत, सघन चित्र रंगविले. कार्रा १९१७ पर्यंत भविष्यवाद सोडून अतिभौतिक चित्रकलेच्या स्तब्ध अवकाशात जाऊन पोहोचला. ओटो डिक्सने स्वतःला युद्धदेव मार्सच्या रूपात १९१५ मध्ये घन-भविष्यवादी शैलीत रंगविले. पण खंदकांतील अनुभवाचा हिशेब मांडण्याची वेळ आली तेव्हा, १९२९ ते १९३२ या काळात, त्याने जुन्या जर्मन आचार्यांच्या रंगलेपनाची पद्धत आणि वेदीचित्राची त्रिखंड रचना स्वीकारली. रशियात मालेविचने १९१४ मध्ये लोकचित्रांच्या धर्तीवर देशभक्तिपर भित्तिपत्रके केली. आणि डिसेंबर १९१५ मध्ये, युद्धग्रस्त पेत्रोग्रादमध्ये, त्याने जो 'काळा चौकोन' मांडला त्यात ना तोफ होती, ना सैनिक, ना भग्न जग. तुटलेल्या जगाचे प्रतिबिंब तुटलेल्या रेषेत पडते, हा सिद्धान्त यांपैकी कोणत्या चित्राचे स्पष्टीकरण देऊ शकतो?

२

या प्रतिबिंबवादाला कलावंतांच्या स्वतःच्या साक्षींचा मोठा आधार असतो, हे मान्य करावयास हवे. लेजेची साक्ष त्यांत सर्वात प्रसिद्ध आहे. ७५ मिलिमीटरच्या तोफेचे उघडे कोठार, त्यावर पडलेले ऊन, पांढऱ्या धातूवरील प्रकाशाची ती जादू पाहिली आणि अमूर्त चित्रकला मागे पडली, असे त्याने पुढे अनेक वर्षांनी सांगितले. लेजे अर्गोनमध्ये आणि व्हर्दूं येथे प्रत्यक्ष आघाडीवर होता. त्याच्या अनुभवाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या १९०९-११ मधील 'वनातील नग्नाकृती' या चित्रातील देह आधीच दंडगोलांचे बनलेले आहेत. धातूच्या नळकांड्यांसारखे दिसणारे हे आकार पाहून पॅरिसच्या समीक्षकांनी त्याची 'नळकांडीवादी' म्हणून थट्टाही केली होती. १९१३ ची 'आकारविरोध' ही चित्रमालिका तर जवळजवळ निव्वळ दंडगोलांची आहे. म्हणजे तोफेने लेजेला दंडगोल दिला नाही. दंडगोल त्याच्यापाशी होताच. युद्धाने दिले ते वेगळे. १९१७ मधील 'पत्त्यांचा डाव' या चित्रात तेच दंडगोल सैनिकांचे हात होतात, त्यांच्या बाह्यांवर हुद्द्याच्या पट्ट्या येतात, छातीवर पदके येतात. रूप तेच राहिले. ते कोणाचे झाले, हा फरक पडला. प्रतिबिंबवादाला नेमका हाच फरक दिसत नाही, कारण त्याची नजर आकार कोठून आला एवढ्यावरच खिळलेली असते.

नेव्हिन्सनची साक्षही अशीच तपासून घ्यावी लागते. जून १९१४ मध्ये मारिनेत्तीबरोबर इंग्रजी कलेविषयीच्या जाहीरनाम्यावर सही करणारा हा चित्रकार त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकाबरोबर डंकर्कला गेला आणि तेथील जखमी त्याने पाहिले. रणांगणावरील हिंसेचा प्रत्यय देण्यास भविष्यवादी तंत्रच समर्थ आहे, असे त्याने १९१५ मध्ये वृत्तपत्रातून सांगितले. 'खंदकांकडे परतताना' आणि 'मशीनगन' ही चित्रे त्याच विश्वासातून आली. पण १९१७ मध्ये, युद्ध अधिक यांत्रिक आणि अधिक संहारक झाले असता, त्याने 'कीर्तीचे मार्ग' रंगविले ते जवळजवळ वास्तववादी पद्धतीने : तारांच्या कुंपणापाशी चिखलात पालथे पडलेले दोन ब्रिटिश सैनिक. त्यात गतिरेषा नाहीत, कोनही नाहीत. सरकारी परीक्षकांनी त्यावर बंदी घातली; १९१८ मधील प्रदर्शनात नेव्हिन्सनने ते चित्र 'सेन्सॉर्ड' असे लिहिलेली कागदाची पट्टी लावून टांगले. ज्या चित्रांत देह कोनाकोनांत मोडला होता ती सत्तेला चालली, आणि ज्यात देह अखंड, पण मृत होता ते चालले नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

येथे आणखी एक विसंगती. भविष्यवादाने गतीचा उद्घोष केला. त्याच्या वाट्याला आलेले पश्चिम आघाडीवरील युद्ध मात्र १९१४ च्या अखेरीपासून १९१८ च्या वसंतापर्यंत जवळजवळ जागचे हलले नाही. यंत्राने गती दिली नव्हती, खंदक दिला होता. किंबहुना, भविष्यवादी चित्रांतील गतीही यंत्राची क्वचितच होती. आधुनिक नगराचे महाकाव्य म्हणून गाजलेल्या बोच्चोनीच्या 'उभे राहणारे नगर' या १९१०-११ मधील चित्राच्या मध्यभागी एक प्रचंड लाल घोडा उसळला आहे आणि त्याला आवरणारे मजूर ओढले जात आहेत. बाल्लाने १९१२ मध्ये गतीचा अभ्यास केला तो साखळीला बांधलेल्या कुत्र्यावर, आणि त्यामागे होती ती मारेची १८८० च्या दशकातील क्रमछायाचित्रे. बोच्चोनीला १९१५ मध्ये युद्ध रंगवावयाचे झाले तेव्हा त्याने भालाईत घोडदळाचा हल्ला रंगविला. १९१६ च्या ऑगस्टमध्ये तो मेला तो लष्करी सरावात घोड्यावरून पडून. यात काव्यगत न्याय शोधण्याचे कारण नाही. परंतु 'तंत्रज्ञानाचे प्रतिबिंब' या शब्दप्रयोगाने चित्र पाहण्याचे काम किती सहज टळते, हे यावरून दिसावे.

३

प्रतिबिंबवादाचे एक आक्रमक भावंड आहे. त्याच्या मते, भंगलेले रूप युद्धाचे प्रतिबिंब नसून युद्धाचे साथीदार आहे : भविष्यवादाने युद्धाला जगाची आरोग्यविद्या म्हटले, पुढे तो फॅसिझमला मिळाला, तेव्हा ती शैलीच फॅसिस्ट. लुकाचने १९३४ मध्ये अभिव्यक्तिवादावर असाच आरोप ठेवला होता. १९३७-३८ मध्ये 'दास व्होर्ट' मासिकात त्यावर झालेला वाद प्रसिद्ध आहे. या मताच्या समर्थनार्थ आज बेंजामिनचे नाव घेतले जाते, कारण १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यांत्रिक पुनर्निर्मितीविषयीच्या निबंधाच्या अखेरीस त्याने मारिनेत्तीच्या इथिओपिया युद्धावरील जाहीरनाम्याचा दाखला देऊन फॅसिझम राजकारणाचे सौंदर्यीकरण करतो असे म्हटले होते.

हे बेंजामिनचे अपहरण आहे. त्याचा युक्तिवाद मालमत्तेचे संबंध, उत्पादनशक्ती आणि जनसमूह यांविषयी आहे; अमुक कोनातील रेषा फॅसिस्ट असते, असे त्यात कोठेही नाही. उलट त्याच निबंधात चित्रपटाचे तुकडे जोडण्याचे तंत्र आणि दादावाद्यांनी प्रेक्षकाला दिलेला धक्का यांना त्याने मुक्तिदायी शक्यता मानली आहे. हिटलरच्या जर्मनीविरुद्ध ज्या चित्रांनी सर्वात धारदार प्रहार केला ती हार्टफील्डची छायाचित्र-जोडकामे कापण्याच्या आणि तोडण्याच्याच तंत्रावर उभी होती. इतिहासाचीही साक्ष याविरुद्ध जाते. म्युनिक येथे १९३७ मध्ये नाझींनी 'अधःपतित कला' म्हणून ज्या चित्रांची विटंबना केली त्यांत डिक्सही होता आणि घनवादी वळणाचे चित्रकारही होते. पाच वर्षे आधी, १९३२ मध्ये, रोममध्ये फॅसिस्ट क्रांतीचे जे भव्य प्रदर्शन भरले त्याच्या मांडणीत मात्र आधुनिकतावादी कलावंतांना मानाचे स्थान होते. दोन्ही सत्ता फॅसिस्ट आणि एकाच शैलीशी त्यांचे दोन विरुद्ध व्यवहार. शैली म्हणजेच विचारसरणी, हे समीकरण येथे मोडते.

याचे सर्वात बोलके उदाहरण चित्रचौकटीबाहेरचे आहे. १९१७ मध्ये ब्रिटिश जहाजांवर काळ्यापांढऱ्या तिरप्या पट्ट्यांचे जे भ्रामक रंगकाम झाले, ते पाहणाऱ्याला विंडम लुईसच्या व्हॉर्टिसिस्ट गटाचे चित्र समुद्रावर तरंगत असल्याचा भास व्हावा असे होते. ते सुचविले मात्र नॉर्मन विल्किन्सन या रूढ पद्धतीने समुद्रचित्रे काढणाऱ्या चित्रकाराने. शत्रूच्या पाणबुडीला जहाजाची दिशा आणि वेग यांचा अंदाज लागू नये, एवढाच त्याचा हेतू होता. व्हॉर्टिसिस्ट एडवर्ड वॉड्सवर्थने लिव्हरपूलच्या गोदीत या कामावर देखरेख केली आणि १९१९ मध्ये त्याचे चित्रही केले. एकच आकृतिबंध एकाने जहाज वाचविण्यासाठी वापरला आणि दुसऱ्याने चित्र घडविण्यासाठी. रेषेला स्वतःचा पक्ष नसतो.

४

मग रूप निष्पाप ठरते काय? रूपवादी समीक्षक येथे समाधानाने मान डोलावेल. चित्र म्हणजे रंग-रेषांचे संघटन; युद्ध हा त्याचा 'बाह्य' विषय; संवाद, विरोध, समतोल पाहावा आणि थांबावे, असे तो म्हणेल. पण हे समाधानही फसवे आहे. त्याने रूप आणि शैली यांची गल्लत केली आहे, आणि ही गल्लत त्याच्या विरोधकांनीही केलेली आहे. दोन्ही पक्ष रूप म्हणजे रेषेची जात समजतात. वस्तुतः युद्धचित्राच्या रूपाचा निर्णायक घटक आहे दृष्टिस्थान : चित्र पाहणाऱ्याला कोठे उभे करते, त्याच्याबरोबर कोणाला उभे करते आणि कोणाला चौकटीबाहेर ठेवते.

सेव्हेरिनीच्या 'चिलखती आगगाडीची कारवाई' या चित्राकडे या दृष्टीने पाहावे. पाहणारा वर आहे, जणू आकाशात. खाली गाडीच्या डब्यात पाच चेहराहीन सैनिक एकाच रेषेत बंदुका रोखून आहेत. तोफ धडाडते आहे, धूर आणि निसर्ग एकमेकांत मिसळून एक प्रसन्न नक्षी झाली आहे. गोळ्या जेथे पोहोचतात ती जागा चित्रात नाही. रचना निर्दोष आहे, रंगांचा मेळ मोहक आहे, आणि हिंसेचे दुसरे टोक कापून टाकले आहे. हे कापणे विषयाचे नव्हे, रचनेचे आहे. सेव्हेरिनी प्रकृतीमुळे सैन्यात गेला नव्हता. पॅरिसमध्ये राहून, जाणाऱ्या गाड्या आणि छायाचित्रे पाहून त्याने ही चित्रे केली, हेही येथे आठवावे. पण दोष अनुभवाच्या अभावाचा नाही. दूर राहणाऱ्यालाही दुसरे टोक कल्पिता येते.

नेव्हिन्सनचे 'मशीनगन' त्याच वर्षीचे, त्याच कोनांचे, त्याच शिक्षणातून आलेले. येथे पाहणारा खंदकात, सैनिकांच्या पातळीवर उतरविला आहे. गोळी चालविणारा आणि त्याचे यंत्र एकाच धातूचे झाले आहेत, पण त्याच चौकटीत एक मृत सैनिकही आहे. माणूस यंत्र होतो आणि माणूस प्रेत होतो, या दोन्ही क्रिया एकाच दृष्टिस्थानावरून दिसतात. दोन चित्रांची शैली जवळजवळ सारखी असूनही त्यांचे नैतिक विश्व वेगळे आहे, आणि हे वेगळेपण शीर्षकात किंवा चित्रकाराच्या चरित्रात नसून चित्रात आहे.

लुईसच्या १९१९ मधील 'मारा झालेले तोफखाना पथक' या चित्राने तर दृष्टिस्थान हाच विषय केला आहे. डावीकडे तीन अधिकारी, बऱ्यापैकी स्वाभाविक रीतीने रंगविलेले, अलिप्तपणे उभे. पलीकडे तोफमाऱ्यात धडपडणारे, किड्यांसारखे यांत्रिक झालेले सैनिक. एकाच चित्रात दोन शैली आहेत आणि त्यांची वाटणी हुद्द्यानुसार झाली आहे. ज्याला पाहण्याची मुभा आहे त्याला चेहरा आहे. ज्याच्यावर मारा होतो त्याला नाही. भंगलेले रूप 'आधुनिक मानवाचे' प्रतीक असते असे म्हणणाऱ्यांनी या चित्रापुढे उभे राहून विचारावे : कोणत्या मानवाचे?

हा प्रश्न विमानयुद्धाच्या चित्रांत निर्वाणीचा होतो. तुल्लिओ क्रालीच्या १९३९ मधील 'नगरावर सूर' या चित्रात पाहणारा वैमानिकाच्या पाठीमागे, त्याच्याच कक्षात बसलेला आहे. खाली इमारती फुलासारख्या उमलत वर येत आहेत. चित्र विलक्षण परिणामकारक आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. त्याच्या दोन वर्षे आधी, २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका या बास्क गावावर बॉम्ब टाकले, आणि पिकासोने त्यावर जे चित्र केले त्यात विमानच नाही. बॉम्ब नाही, वैमानिक नाही. यंत्रयुगाची खूण म्हणावी असा एक विजेचा दिवा तेवढा आहे. घोडा किंचाळतो आहे, मृत मूल घेऊन आई वर पाहते आहे, आणि पाहणारा त्यांच्यासह खाली आहे. क्रालीच्या चित्रात गती ज्याची आहे तो दिसतो आणि ज्याच्यावर ती कोसळणार तो दिसत नाही. पिकासोच्या चित्रात याच्या उलट. वेग ही वर असणाऱ्याची अनुभूती आहे. खाली असणाऱ्याला वेग नसतो, आघात असतो. भविष्यवादाने 'वैश्विक गतिमानता' म्हणून जे सांगितले ते मुळात स्वाराचे, चालकाचे, वैमानिकाचे सत्य होते; ते सर्वांचे म्हणून मांडणे हीच त्याची विचारसरणी.

५

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, दृष्टिस्थानाचा निकषही शेवटी एक सूत्रच होईल : वरून पाहणारे चित्र वाईट, खालून पाहणारे चांगले. तसे मुळीच नाही. पॉल नॅशच्या १९१८ मधील 'आम्ही नवे जग घडवीत आहोत' या चित्रात मारणारा नाही आणि मरणाराही नाही. उखडलेली जमीन, बुंधे आणि वर येणारा सूर्य आहे. तेथे पाहणाऱ्याचे स्थान शीर्षकातील 'आम्ही' या शब्दाने ठरते : जे पाहावयाचे ते आपण केले आहे. दृष्टिस्थान हे उंचीचे माप नव्हे. जबाबदारीची वाटणी चित्राने कशी केली आहे, याचा तो शोध आहे, आणि तो प्रत्येक चित्रात नव्याने घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाहणारा चित्राच्या विरुद्ध जाऊन पाहू शकतो. क्रालीच्या कक्षात बसूनही त्याला खालच्या माणसांची आठवण होऊ शकते. होय, होऊ शकते. पण ती आठवण चित्राने दिलेली नसते, पाहणाऱ्याने चित्राला विरोध करून मिळविलेली असते. हा विरोध शिकविणे हेच समीक्षेचे काम. त्यासाठी चित्र प्रभावी आहे आणि दोषी आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी करण्याचे धैर्य तिच्यापाशी असावयास हवे. रूपवाद पहिल्या विधानापाशी थांबतो, विचारसरणीची समीक्षा दुसऱ्यापाशी. प्रतिबिंबवादाला दोन्हींची गरज वाटत नाही, कारण त्याच्या मते चित्र 'काळानेच' रंगविलेले असते.

प्रतिबिंबवादाचा खरा धोका हाच आहे. 'युद्धाने जग भंगले, म्हणून रूप भंगले' या वाक्यात कर्ता युद्ध आहे. युद्ध कोणी केले, कोणावर केले, हे विचारण्याची सोय त्या वाक्यात नाही. 'मानव' नावाच्या एका अमूर्त पीडितात मारणारा आणि मरणारा दोघेही विरघळून जातात. मराठी समीक्षेने हे वाक्य नवकवितेच्या संदर्भात वापरले तेव्हा हीच किंमत मोजली. मर्ढेकरांची 'काही कविता' १९४७ मध्ये आली. तिच्या प्रतिमांची मोडतोड दुसऱ्या महायुद्धाच्या आणि यंत्रयुगाच्या खात्यावर जमा करून विवेचक मोकळे झाले. सौंदर्याचा विचार करताना ज्याने लयीचे संवाद, विरोध आणि समतोल हे नियम मांडले आणि कलाबाह्य कारणांना थारा देण्याचे नाकारले, त्याच कवीच्या कवितेचे स्पष्टीकरण कलाबाह्य कारणांनी व्हावे, यातील विसंगतीही फारशी कोणाला बोचली नाही. मर्ढेकरांचा सिद्धान्त अपुरा असेल. पण त्याला उत्तर म्हणून पार्श्वभूमीचा परिच्छेद पुरत नाही. यंत्राविषयी बोलणारा आवाज यंत्राच्या कोणत्या बाजूस उभा आहे, गिरणीत खपणाऱ्यांमध्ये की त्यांच्याकडे पाहणाऱ्यांमध्ये, आणि त्याच्या उपरोधाचे टोक कोणाकडे वळले आहे, हे कवितेतच शोधावे लागेल. चित्रकलेचा आधार घ्यावयाचाच असेल, तर तो या प्रश्नासाठी घ्यावा. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात काळाची पार्श्वभूमी रंगवून दुसऱ्या प्रकरणात कविता तिच्यावर चिकटविण्याची पद्धत त्यासाठी सोडावी लागेल, आणि हे काम अभ्यासमंडळांनी नव्हे, वाचणाऱ्यांनीच आरंभिले पाहिजे.